‘कर्ज देऊन क्रांती होत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

अहमदाबादेत कष्टकरी बायकांची युनियन आणि बँक उभी करणाऱ्या इलाबेन भट यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत त्याचा सारांश असा: बायकांना कर्ज देऊन क्रांती होत नाही, इलाबेननी सत्तेशी कधी दोन हात केले नाहीत, म्हणूनच त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि मराठीत लिहिणारीला प्रेमा पुरव कशा आठवल्या नाहीत?

शेवटचा टोला मान्य. गिरणीकामगारांना रांधून घालणाऱ्या मुंबईच्या खाणावळवाल्यांना प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. त्यांच्यावर लिहायचं राहिलंय, लिहीन. पण गंमत बघा, प्रेमाताई कम्युनिस्ट चळवळीतल्या, आणि त्यांनीही या बायकांना सावकाराच्या तावडीतून काढायला बँकेचं कर्जच मिळवून दिलं. मग कर्ज म्हटलं की क्रांती बुडाली, हा हिशेब नेमका कुणाचा?

आता दोन हात करण्याबद्दल. अहमदाबादच्या कापडबाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या बायका होत्या. किती खेपा झाल्या याची नोंद नाही, व्यापारी टेकवेल ती मजुरी. इलाबेननी त्यावर वर्तमानपत्रात लिहिलं. व्यापारी चिडले, त्यांनीही छापून आणलं की छे, आम्ही तर चांगले दर देतो. इलाबेननी खुलासे मागितले नाहीत. व्यापाऱ्यांचा तोच दावा कार्डांवर छापून घेतला आणि बायकांच्या हातात दिला. आता मजुरी मागताना बाईच्या हातात शेठनंच जाहीर केलेला दर! मला हे मोर्च्याहून कमी वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर आपलं जमायचं नाही.

त्यातून ‘सेवा’ ही अशा बायकांची युनियन उभी राहिली. १९७२ मध्ये नोंदणीला गेल्या तर कामगार खात्याचा प्रश्न: तुमचा मालक कोण? मालकच नाही तर युनियन भांडणार कुणाशी? भाजीवाली, कागद वेचणारी, घरी बसून विड्या वळणारी, चिंध्यांच्या खोळी शिवणारी, या कुणाच्याच व्याख्येत बसत नव्हत्या. इलाबेनचं म्हणणं, युनियन कुणाच्या तरी विरोधातच असावी लागते असं नाही, कामगारांच्या एकीसाठीही असते. ते मान्य करून घेतलं, तिथे ‘कामगार’ या शब्दाची हद्द सरकली. माझ्या मते त्यांचं खरं काम हे, सेवाची बँक नंतरची.

हे मला इतकं का लागतं ते सांगते. माझी आई वीस वर्षं साड्यांना फॉल लावायची. दुपारी खिडकीशी बसून. उजव्या हाताच्या बोटाचं टोक सुईनं कायम खरखरीत. शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात मी दरवर्षी ‘गृहिणी’ लिहिलं, आणि तीही समोर बसून ‘हो, तेच लिही’ म्हणायची.

बँकही १९७४ मध्ये दहा-दहा रुपयांच्या शेअरवर उभी राहिली, सुमारे चार हजार बायकांच्या. सही येत नाही अशीच बहुतेक खातेदार, म्हणून ओळखीसाठी पासबुकावर फोटो. आज बचतगटाच्या नावाखाली चढ्या व्याजानं कर्ज देऊन वसुलीला दारात माणसं बसवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यावरचा तुमचा राग रास्तच आहे. पण तो इथे चुकीच्या पत्त्यावर आलाय. इथे बाई नुसती कर्जदार नव्हती, भागधारक होती.

आणि सत्तेचं म्हणाल तर १९८१ आठवा. गुजरातेत राखीव जागांविरुद्ध दंगली पेटल्या, सेवा दलितांच्या बाजूनं उभी राहिली, आणि ज्या मजूर महाजनच्या, म्हणजे अहमदाबादच्या गिरणीकामगारांच्या युनियनच्या, मांडवाखाली ती वाढली, त्यांनीच तिला बाहेर काढलं. सौम्य आवाजात बोलणाऱ्या माणसाला आपण उगाच मवाळ समजतो.

एक मात्र तुमचं बरोबर, आणि ते टोचलं. ‘इलाबेननी एकटीनं सेवा उभारली’ हे माझं वाक्य चुकलं. पहिले अध्यक्ष मजूर महाजनचेच अरविंद बुच होते, इलाबेन सरचिटणीस. आणि त्या कापडबाजारातल्या बायका स्वतः चालत आल्या नसत्या तर दोघांनाही कुणी विचारलं नसतं. ‘एकटीनं’ हा शब्द आज सकाळी लेखातून काढून टाकला आहे.