प्रायमर बघून पिस्तुलाचा दाब कळत नाही

पिस्तुलाची काडतुसं घरी भरणाऱ्यांमध्ये एक चित्र वर्षानुवर्षं हातोहात फिरतंय. झाडलेल्या चार पुंगळ्या बुडाकडून दाखवलेल्या, प्रत्येकीच्या मधोमध प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी धातूची टोपी. पहिल्याच्या कडा गोलसर, म्हणून ‘सुरक्षित’. दुसरा चपटा, म्हणजे ‘कमाल दाब’. तिसऱ्यात प्रायमरवर आदळणाऱ्या पिनच्या खड्ड्याभोवती कंगोरा आलेला, तो ‘धोका’. चौथ्याला भोक, तिथे ‘थांबा’. खाली सल्ला असतो: किती दारू भरायची याचे पुस्तिकेतले आकडे कंपन्या वकिलांच्या भीतीने कमी करून छापतात, तेव्हा काडतुसातली दारू जराजरा वाढवत जा आणि प्रायमर चपटा व्हायला लागला की एक पाऊल मागे या.

अमेरिकेत गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरणाऱ्यांपैकी मीही एक. (भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे तिकडच्या कुणी हे करून बघण्यासाठी वाचू नये.) चौथ्या पुंगळीबद्दल माझी तक्रार नाही. प्रायमरला भोक पडलं किंवा त्याच्या कडेने काजळी बाहेर आली, तर थांबायचंच. गडबड पहिल्या तिघांत आहे, आणि सगळ्यात मोठी गडबड त्या ‘सुरक्षित’ म्हणून दाखवलेल्या पहिलीत.

‘कडा गोल म्हणजे दाब मर्यादेत.’ मर्यादा कुठली, हे आधी विचारायला हवं. अमेरिकेत सामी ही संस्था प्रत्येक काडतुसासाठी कमाल सरासरी दाब ठरवते. .३८ स्पेशलला तो १७,००० पीएसआय (चौरस इंचावर पडणारे पौंड) आहे, .४५ एसीपीला २१,०००. .३५७ मॅग्नम आणि ९ मिलिमीटर या दोघांनाही ३५,०००. आता .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या दोघांत एकाच आकाराचा स्मॉल पिस्टल प्रायमर बसतो. जो प्रायमर मॅग्नममध्ये ३५,००० ला निमूटपणे टिकतो, तो .३८ मध्ये ३०,००० झाले म्हणून कशाला बोंबलेल? प्रायमरच्या पितळी वाटीला रिव्हॉल्व्हर कुठलं ते माहीत नसतं. मर्यादेच्या पावणेदोनपट दाब झाला तरी कडा गोलच दिसणार, आणि जुनं, हलकं रिव्हॉल्व्हर मात्र आतून सोसत राहणार.

ही प्रायमर वाचायची सवय मुळात रायफलवाल्यांची. .३०-०६ ची मर्यादा ६०,००० पीएसआय आहे, म्हणजे धातू जिथे हार मानायला लागतो त्याच्या आसपास. तिथे प्रायमर आणि पुंगळीचं बूड काहीतरी सांगतात, तेही बेभरवशाचं. पिस्तुलाच्या बहुतेक काडतुसांची मर्यादा त्याच्या निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर. इथे प्रायमर बोलायला लागेपर्यंत मर्यादा कधीच मागे पडलेली असते.

‘चपटा म्हणजे दाब जास्त.’ कधी कधी खरं, पण चपटेपणा येतो कसा ते बघा. स्फोट झाला की पहिल्यांदा प्रायमर स्वतः मागे सरकतो, कारण त्याला धरणारं फारसं काही नसतं. मग दाब वाढला की पुंगळी मागे आपटते आणि बाहेर आलेल्या प्रायमरला पुन्हा खोबणीत कोंबते. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, पुंगळीला मागेपुढे जागा जास्त असेल, तर प्रायमर जास्त बाहेर येतो, उघड्यावर फुगतो आणि परत आत ठेचला जाताना चपटा होतो, दारू बेताची असली तरी. शिवाय वाटीचा धातूही सगळीकडे सारखा नाही. फेडरलचा प्रायमर मऊ, सीसीआयचा कडक, हे काडतुसं भरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तीच दारू, तीच गोळी, प्रायमरचा फक्त डबा बदलला तरी चित्रातली पुंगळी बदलते.

उलटी फसगतही होते. .३८ मध्ये अगदी हलकं काडतूस भरलं, तर पुंगळीला मागे ढकलण्याइतका दाबच तयार होत नाही. प्रायमर बाहेर आलेला तसाच राहतो आणि सिलिंडर घासायला लागतं. नवखा माणूस घाबरतो, ‘दाब जास्त झाला!’ झालेला असतो कमी.

तिसरीतल्या कंगोऱ्याबद्दल फार लिहीत नाही. पिनसाठीचं भोक सैल असलं की प्रायमरचा धातू त्यात घुसतो, आणि पिस्तूल उघडताना बॅरल खाली झुकलं की तो खरवडला जातो. ग्लॉकमध्ये कारखान्याचं साधं काडतूस झाडलंत तरी पुंगळीवर आयताकृती ठसा आणि ओरखडा मिळेल. तो ग्लॉकचा शिक्का आहे, दाबमापक नव्हे.

‘जराजरा वाढवत गेलं की प्रायमर आधी इशारा देतो.’ ज्यांची पिस्तुलं फुटली, त्यांतल्या अनेकांच्या बाबतीत जराजरा वाढवण्याचा प्रश्नच नसतो. बुल्सआयसारखी जलद जळणारी दारू इतकी थोडी लागते की .३८ च्या लांब पुंगळीत दुप्पट पडली तरी वरून सांडत नाही. आधीच्या पन्नास पुंगळ्यांचे प्रायमर आरशासारखे असले, तरी एकावन्नाव्यात दोनदा दारू पडली हे त्यांना कसं कळणार? दुसरं कारण गोळी आत सरकणं. एकच काडतूस पुन्हापुन्हा चेंबरमध्ये घातलं, किंवा पुंगळीची पकड ढिली राहिली, की गोळी आत दबते आणि दारूला जळायला जागा कमी पडते. स्पीअर या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या पुस्तिकेत ९ मिलिमीटरचं उदाहरण आहे: गोळी मुद्दाम ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, जास्त खोल बसवली तर २८,००० सीयूपीचं (दाबाचं जुनं, तांब्याच्या गुटीवरचं माप) काडतूस ६२,००० वर गेलं. दारू कणभरही वाढवलेली नव्हती.

राहिले वकील. जुन्या पुस्तिकांतले आकडे नव्यांपेक्षा मोठे दिसतात, हे खरं आहे. पण पूर्वी दाब मोजायचा तो तांब्याची छोटी गुटी किती चेपली ते बघून. आता पीझो सेन्सर प्रत्येक बाराचा आलेख काढून देतो. जे शिखर तांब्याला दिसत नव्हतं ते दिसायला लागलं, आणि काही आकडे खाली आले. दारूचे लॉटही बदलत असतात.

मग घरी बसून काय बघायचं? क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. पुस्तिकेतल्यापेक्षा वेग बराच जास्त आला, तर तो फुकट मिळालेला नसतो, दाबातूनच येतो. सोबत रोज पारखलेला तराजू, दारू भरल्यावर प्रत्येक पुंगळीत डोकावून बघणं, आणि गोळी अंगठ्याने टेबलाच्या कडेवर दाबून सरकते का ते तपासणं.

आमच्या यूएसपीएसए या पिस्तूल नेमबाजी संघटनेच्या सामन्यांत ओपन गटातली मंडळी ९ मिलिमीटरमध्ये ‘मेजर’ ही जोरदार काडतुसांची पातळी गाठतात. त्यासाठी पॉवर फॅक्टर (गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेग, भागिले हजार) १६५ लागतो, म्हणजे १२४ ग्रेनची गोळी सेकंदाला १,३३१ फुटांच्या वर पळवायची. एवढ्या वेगाला सामीची मर्यादा बहुधा मागे पडते. त्यांतले अनेक जण स्मॉल रायफल प्रायमर वापरतात, कारण त्याची वाटी जाड असते आणि तिला भोक पडत नाही. ते काय करताहेत हे त्यांना माहीत असतं, त्यांची बॅरलंही त्याच कामासाठी बसवलेली असतात. पण मागच्या सामन्यात एक जण त्यांच्या पुंगळ्या उचलून मला दाखवत होता: ‘बघ, कडा किती गोल, दाब काहीच नाही!’