‘बरोबर उत्तराचे मार्क कापतात’ या रिव्ह्यूला क्लासकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. मुलगी पेपर बघून घरी रडली असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल खरंच सॉरी. माझ्या क्लासमधून कुठलंच मूल रडत जाऊ नये असं मला वाटतं. पेपर उशिरा मिळतात, क्लास वेळेत सुटत नाही हे पण लिहिलंय, त्यावर वाद घालत नाही, बघते मी ते.

पण ‘एका चिन्हासाठी ५ पैकी २ मार्क, मी स्वतः किंमत टाकून तपासलं, उत्तर बरोबर आहे’ हे जे तुम्ही लिहिलंय ना, ते जिव्हारी लागलं. आवाज चढतो म्हणा, जास्त बोलते म्हणा, चालेल. पण ही बाई बरोबर उत्तराला चूक म्हणते असं चार लोकांनी वाचलं तर मुलं कोण पाठवणार माझ्याकडे? नवीन बॅचच्या ॲडमिशन चालू आहेत आणि फोन करणारे पालक आधी तुमच्या रिव्ह्यूचंच विचारतायत. म्हणून गणित इथे सगळ्यांसमोरच मांडते, ज्याला हवं त्याने करून बघावं.

गणित होतं (५क्ष + ३)/(क्ष + २) − (२क्ष − ३)/(क्ष + २).

छेद दोन्हीकडे सारखा. तुम्ही लिहिलंय तसं छेद आहे तसा ठेवायचा आणि वरचं वर वजा करायचं, शंभर टक्के मान्य. पण वरचं म्हणजे अख्खा अंश सर. नुसता २क्ष नाही, (२क्ष − ३) पूर्ण. ती आडवी रेघ आहे ना, ती कंसाचंच काम करते, लिहिलेला नसला तरी अंशाला कंस असतोच. मग वजाचं चिन्ह आतल्या दोन्ही पदांना लागतं आणि उणे ३ चं अधिक ३ होतं. वर येतं ५क्ष + ३ − २क्ष + ३, म्हणजे ३क्ष + ६. त्यातून ३ बाहेर काढा, ३(क्ष + २), खाली क्ष + २ आहेच, उत्तर ३. फक्त क्ष ची किंमत −२ चालणार नाही कारण तिथे छेद शून्य होतो. शेवटी क्ष पूर्ण निघून जावा म्हणूनच ते गणित तसं काढलं होतं.

पेपरात काय होतं, तर ५क्ष + ३ − २क्ष − ३, म्हणजे वर उरलं ३क्ष. इथपर्यंत एका चिन्हाची चूक, तुमचं बरोबर. पण पुढच्या ओळीत ३क्ष/(क्ष + २) मधला वरचा क्ष आणि खालचा क्ष खोडून ३/२ लिहिलंय. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. खालचा क्ष हा गुणक नाहीये, बेरजेतलं एक पद आहे, त्याला एकट्याला कॅन्सल करता येत नाही. ३(क्ष + २) मधला क्ष + २ जातो कारण तो अख्खा गुणाकारात आहे. तरी छेद तसाच ठेवला आणि ५क्ष मधून २क्ष नीट वजा केले त्याचे २ मार्क दिलेत मी.

आता तुमच्या तपासणीबद्दल. तुम्ही लिहिलंय क्ष = २ टाकलं, ३क्ष/(क्ष + २) चे ६/४ आले म्हणजे ३/२, आणि शेवटचं उत्तर पण ३/२, झालं बरोबर. सर, तुम्ही मधली ओळ शेवटच्या ओळीशी जुळवलीत, मूळ गणिताशी जुळवलीच नाही. मूळ गणितात २ टाका, पहिला अपूर्णांक १३/४, दुसरा १/४, वजाबाकी १२/४ म्हणजे ३. कुठे ३ आणि कुठे ३/२. आणि त्या दोन ओळी पण फक्त २ लाच जुळतात, दुसऱ्या कुठल्याच किमतीला नाही, नेमका तोच आकडा तुमच्या हाताला लागला याला मी काय करू! १ टाकला असता तर लगेच कळलं असतं. मूळ गणित ८/३ − (−१/३), म्हणजे ९/३, म्हणजे ३. मधली ओळ ३/३, म्हणजे १. शेवटची ओळ ३/२. तीन ओळी आणि तीन वेगळी उत्तरं. किंमत टाकून बघायची सवय चांगलीच आहे हो, मीच लावते मुलांना, पण ती पहिल्या ओळीत टाकायची असते.

‘पाचवीतला टॉपिक ताणत बसतात’ हे पण लिहिलंय तुम्ही. छेद सारखा असला की सोपं वाटतंच. पण पाचवीत ४/७ − १/७ करताना वर एकेकच संख्या असते, कंसाचा प्रश्नच येत नाही, आणि तीच सवय घेऊन मुलं इथे येतात. बेरजेत खपून पण जातं, कारण मधे अधिक असलं की कंस काढताना काहीच बदलत नाही, वजाबाकी आली की हुशार हुशार मुलं घसरतात. शिवाय २/क्ष + ३/क्ष चे ५/२क्ष करणारी मुलं आहेतच, खालचे क्ष पण मिळवून टाकतात, तिथे १ टाका, पहिलीकडे ५ येतात आणि दुसरीकडे अडीच. क्ष²/(क्ष − ३) − ९/(क्ष − ३) मधे वरचे अवयव पाडले की क्ष + ३ उरतो, हे दिसायला वेळ लागतो. आणि ५/(क्ष − २) + ३/(२ − क्ष) यात छेद सारखे आहेत हे निम्म्या वर्गाला कळतच नाही, दुसऱ्यातून उणे बाहेर काढलं की २/(क्ष − २) येतं. हे सगळं एका तासात होत नाही हो, झालं असतं तर मलाच सोपं गेलं असतं.

इतिहासाच्या गोष्टी सांगते म्हणून पण एक टोमणा आहे. सांगते. भास्कराचार्यांच्या काळात, १२ व्या शतकात, आपल्याकडे अंश वर आणि छेद खाली असाच लिहायचे पण मधे रेघ नसायची, ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायचे. रेघ अरबी गणितींकडून आली आणि १२०२ मधल्या फिबोनाचीच्या ग्रंथातून युरोपात पसरली. हे सांगायला पाच मिनिटं पण लागत नाहीत आणि त्यानंतर मुलं त्या रेघेकडे जरा नीट बघतात, म्हणून सांगते.

‘सगळ्यांसमोर अपमान केला’ याबद्दल एवढंच, की ती चूक मी फळ्यावर घेतली ती नाव न घेता घेतली, वर्गात बऱ्याच जणांनी तीच केली होती. नाव कळलं ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा चालू तासात तुम्ही दारात उभे राहून पेपर दाखवत मोठ्याने बोलत होतात तेव्हा. मी तेव्हाही तास संपल्यावर बसून बोलू म्हटलं होतं, तुम्ही थांबला नाहीत. मुलीला त्या वेळी काय वाटलं असेल ते मी लिहीत नाही. ती चांगली आहे अभ्यासात, मेहनती आहे, एक कंस घालायला लागली की तिचं गाडं सुरळीत चालेल.

बाकी पेपर लवकर तपासायचं आणि मार्क का गेले ते पेपरावरच लिहायचं असं ठरवतेय, जमेल तसं सुरू करू. पालकांना भेटायची पण काहीतरी वेळ ठेवते.

आता भिन्न छेदांची गणितं सुरू होतायत, त्यात आधी लसावि काढून छेद सारखे करायचे आणि मग पुन्हा हीच वजाबाकी, त्यामुळे तिचा तास बुडवू नका एवढी विनंती. फी वगैरेचं नंतर बघू. स्टार किती द्यायचे तो तुमचा प्रश्न आहे, मी काही म्हणणार नाही. फक्त ‘उत्तर बरोबर होतं’ हे तेवढं वाक्य, मूळ गणितात एकदा १ टाकून बघा आणि मग ठेवायचं की काढायचं ते ठरवा.