मामा, उलटा करून बघ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण धुळ्याला माहेरी आली ती भाची आणि टँग्रॅम नावाचं तुकडे जुळवायचं कोडं अशी दोन संकटं घेऊन. भाचीला पुढे शिष्यवृत्तीला बसायचंय, बुद्धिमत्तेच्या पेपरात आकृत्या जुळवाव्या लागतात, आणि "तुझा मामा इंजिनिअर आहे, तो शिकवेल" असं माझ्या माघारी ठरून गेलेलं.

डबीत लाकडाचे ७ तुकडे. ५ त्रिकोण, १ चौरस आणि वाऱ्याने कलल्यासारखा दिसणारा १ समांतरभुज चौकोन. सगळे मिळून परत एक मोठा चौरस करायचा. "पाच मिनिटांचं काम," मी म्हणालो. भाचीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून घेतलं.

बाहेर पारा ४३ वर, वीज गेलेली. दोन मोठे त्रिकोण मिळून अर्धा चौरस होतो, हे मला लगेच सापडलं. सापडायला नको होतं. कारण उरलेल्या अर्ध्यात ५ तुकडे बसवायचे, आणि माझे दर वेळी ४ बसायचे. पाचवा, म्हणजे तो समांतरभुज, लग्नात रुसलेल्या जावयासारखा मांडवाबाहेर. पाऊण तासाने मी "गरम फार होतंय" म्हणून पाणी प्यायला उठलो. परत आलो तर चौरस तयार.

मग तिने पळणाऱ्या माणसाचं चित्र पुढे टाकलं. त्याचा पाय म्हणजे पुन्हा तोच समांतरभुज. तो मी चारही दिशांनी फिरवून बघितला. माणूस प्रत्येक वेळी मागे पळत होता.

"मामा, तो उलटा कर ना!"

बाकीचे ६ तुकडे पालथे घातले तरी काही बिघडत नाही, नुसते फिरवून भागतं. हा एकटाच असा की पालथा घातल्याशिवाय त्याची दुसरी बाजू मिळत नाही. भाकरसुद्धा उलटावी लागते, हे मला माहीत होतं. लाकडाचं कुणी सांगितलं नव्हतं.

या ७ तुकड्यांतून कुठेही खाच नसलेल्या आकृत्या फक्त १३ होतात, असं दोन चिनी गणितज्ञांनी १९४२ मध्ये सिद्ध केलंय. मी त्या दुपारी केलेल्या आकृत्यांत निव्वळ खाचाच होत्या. आईने येता-जाता बघितलं आणि नातीला सांगितलं, "तुना मामा काही कामना नही."

दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड. आईने शिजवलेल्या पिठाचा घाटा दिला, ओल्या कापडाचा अर्धा भाग माझ्याकडे. मी शाळेच्या कवायतीसारखे ओळीखाली ओळ असे बिबडे थापले. आई मात्र वरच्या दोन बिबड्यांच्या मधल्या खाचेत खालचा सरकवत गेली. गणित असं आहे की माझ्या पद्धतीत कापड फार तर ७८.५ टक्के भरतं, आईच्या पद्धतीत ९०.७ टक्क्यांपर्यंत. सारख्या आकाराच्या गोलांना याहून दाट बसवताच येत नाही. हे मी आईला समजावून सांगितलं. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही. घाटा थंड होत होता.

तिचं कापड संपलं तेव्हा घाटाही संपला. माझं संपलं तेव्हा एक बिबडा तळहातावरच राहिला. कुठे ठेवावा म्हणून मी कापडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. भाची कठड्यावर बसून घाटा चाटत होती.

"मामा," ती म्हणाली, "उलटा करून बघ."