एक अभिनेत्री (३)

गेल्या शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो आणि तिथे एका माणसाने माझं शब्दकोडं नासवलं. एवढीच गोष्ट आहे खरं तर. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "बरं मग?" ह्या 'बरं मग'वर काय बोलणार. आज मंगळवार आहे आणि अजून माझ्या डोक्यातून ते जात नाहीये म्हणून लिहून टाकतोय.

रविवारच्या पुरवणीतलं कोडं मी आठवडाभर पुरवून पुरवून सोडवतो. पेन्सिलने. रांगेत बसायचं असेल तर हमखास बरोबर नेतो. शनिवारपर्यंत सगळं झालं होतं, एक कोपरा तेवढा अडला होता. आडवा शब्द, 'एक अभिनेत्री (३)'. पहिल्या घरात रे, कारण उभा शब्द 'वाळू' म्हणजे रेती. मधल्या घरात णू, कारण उभा 'सूक्ष्म कण (२)' म्हणजे अणू. तिसरं घर रिकामं, तिथून खाली 'शरीर (२)' जात होतं, आणि मराठीत शरीराला देह, काया, तनू, अंग, वपू एवढे शब्द असताना ह्या लोकांनी निदान एखादं विशेषण तरी द्यावं की नाही? आधी देह लिहिला होता. त्यामुळे दोन दिवस मी 'रेणूदे' ह्या नावाच्या नटीकडे बघत बसलो होतो. मग देह खोडला.

तेवढ्यात सिस्टर आल्या आणि डोळ्यांत थेंब घालून गेल्या. "मिटून बसा, अर्धा तास." हे थेंब ज्यांनी घातलेत त्यांना माहितीये, डोळ्याची बाहुली मोठी होते आणि पुढचे काही तास जवळचं काही म्हणजे काही दिसत नाही. पुरवणी मांडीवर, पेन्सिल हातात, डोळे बंद. त्या अवस्थेत शेजारून आवाज आला.

"द्या इकडे. मी वाचतो, तुम्ही सांगा."

थेंब घालायच्या आधी मी ह्या गृहस्थांना बघून ठेवलं होतं. सत्तरीचे असतील, सफारी, मांडीवर फायलींची पिशवी, बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आत चाललेलं. म्हणजे रिकामे होते. आणि त्यांच्या खिशाला बॉलपेन होतं हेही मी बघितलं होतं, पण तेव्हा त्याचं महत्त्व कळलं नाही.

"एक अभिनेत्री, तीन घरं," त्यांनी मोठ्याने वाचलं. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

"पहिलं रे आहे काका."

"मग रेखा की हो."

"तीन घरं आहेत."

काका गप्प झाले. मला वाटलं मोजतायत. मोजत नव्हते.

"रेखाजी."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"काका, कोड्यात जी नसतो."

"का नसतो? एवढी मोठी कलाकार. 'उमराव जान'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय तिला. आणि तुम्ही नुसतं रेखा लिहिणार? तुमच्या बरोबरीची आहे का ती?"

स्वतः 'तिला' आणि 'ती' म्हणत होते हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. हे असलं नेहमी घरी आल्यावर सुचतं.

"अहो पण मधे णू आहे ना."

"कसला णू?"

"उभा शब्द. सूक्ष्म कण, अणू."

"ते चुकलं असेल तुमचं."

"अणू कसा चुकेल?"

"खा आला पाहिजे तिथे. अखा." थोडा वेळ गेला. "अख्खा! जोडाक्षर एकाच घरात बसतं ना? मग बसलं की."

"प्रश्न सूक्ष्म कण असा आहे, काका."

"हो मग? कण अख्खाच असतो. तुम्ही अर्धा कण बघितलाय कधी?"

आता ह्याच्यावर काय बोलायचं. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ सालचा, अणूच्या आत बरंच काय काय असतं हे शाळेत शिकलोय, पण डोळे मिटून रांगेत बसलेल्या माणसाने भौतिकशास्त्रावर वाद घालू नये, त्याचं कोणी ऐकत नाही. शिवाय एक क्षण, खरं सांगतो, एक क्षण मला ते पटलंसुद्धा होतं.

"आणि खाली शरीर म्हणजे जीव. जी, व. बसलं."

"शरीर म्हणजे जीव नव्हे हो."

"जीव नसला तर शरीराचं काय करता?"

"खरंय," असं समोरच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. कोण ते मला आजतागायत माहीत नाही. डोळे मिटलेले होते. पण त्या माणसावर माझा काकांपेक्षा जास्त राग आहे.

मग कागदावर बॉलपेनचा आवाज आला. दाबून लिहिणाऱ्या माणसाचा आवाज वेगळा येतो.

"लिहू नका हो, पेन्सिलने—"

"लिहिलं."

सिस्टर दुसऱ्यांदा थेंब घालून गेल्या. काका पुढचे प्रश्न वाचायला लागले, जे मी आधीच सोडवलेले होते, आणि प्रत्येक उत्तरावर "हं, बरोबर आहे" म्हणायला लागले. माझे पेपर तपासत होते! नट-नट्यांवर मात्र थांबायचे. आणि त्या कोड्यात नट-नट्या खंडीभर होत्या, कारण कोणत्याही कोड्यात असतातच. गेली वीस वर्षं मी कोडी सोडवतोय, पिक्चर मी फारसे बघत नाही, पण जुन्या नट्यांची नावं मला तोंडपाठ आहेत ती केवळ घरं भरून भरून. नूतन. तनुजा. साधना. नंदा. हेलन. ह्यातल्या निम्म्या बायकांचा एकही पिक्चर मी धड बघितलेला नाही, पण कितव्या घरात कोणतं अक्षर येतं ते झोपेत सांगेन.

त्यात गुणाचा काही संबंध नाही, हे सगळं अक्षरांचं काम आहे. आपल्या कोड्यात एका घरात एक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट, आणि जोडाक्षर असेल तर तेही तिथेच कोंबायचं. त्यामुळे साधी सुटी अक्षरं असलेलं नाव कोडंवाल्याला देवासारखं भेटतं. नूतनमधला न, तनुजातला त, साधनातला सा, कशालाही जोडता येतात. आता धर्मेंद्र घ्या. तीनच घरं, पण ध, र्में, द्र. र्में वरून उभा शब्द काढून दाखवा मला. ऐश्वर्याचंही तेच, र्या मधून कोण जाणार? सुपरस्टार असून उपयोग नाही, उभं कोणी राहू देत नाही. आणि नर्गिसचा तर कायमचा घोळ. नर्गिस लिहिलं तर तीन घरं, नरगिस लिहिलं तर चार, आणि कोडंवाला त्याला त्या दिवशी जे सोयीचं पडेल ते धरतो.

पडद्यावरची नावं ठेवणाऱ्यांना हे आधीच कळलेलं असावं अशी मला शंका आहे. नवाब बानूची निम्मी झाली, नाव राज कपूरने दिलं म्हणतात, पाच घरांवरून थेट दोन. महजबीनची मीना. बायकांची नावं अशी कापून कापून घरात बसवली, आणि युसूफ खानचा, ज्याचं नुसतं युसूफ तीन घरांत छान मावत होतं, त्याचा दिलीपकुमार केला. सहा घरं! पुरुषाला ऐसपैस जागा लागते.

इंग्रजी कोड्यांतही हेच आहे म्हणे. म्हणे म्हणजे मी एकदा हौसेने सोडवायला घेतलं होतं, तीन शब्द आले. तिकडे एका घरात एक लेटर, त्यामुळे त्यांना अ, आ, उ असे स्वर भरपूर असलेली बारकी नावं लागतात. आवा गार्डनर मधली आवा, उमा थर्मन मधली उमा. ह्या दोघी तिथे सारख्या असतात. आर्थर विन नावाच्या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्कच्या एका पेपरात पहिलं कोडं छापलं, तेव्हा त्याला काय कल्पना, की पुढे तिथे कुत्रासुद्धा कायमचा मुक्कामाला येईल. १९३४ च्या 'द थिन मॅन'मधला कुत्रा, आस्टा, चार लेटरं. आणि उमा तर आपलीच, म्हणजे नाव आपलं. वडील बौद्ध धर्माचे अभ्यासक, मुलीचं नाव उमा ठेवलं. इथे असती तर दोन घरांत भागलं असतं, तिथे तीन अडवून बसलीये.

बरं, नाव येतं त्याचंही काही नाही, मला राग येतो तो प्रश्नाचा. 'एक अभिनेत्री.' एक! जन्मभर काम करा, पाच-पाच फिल्मफेअर घ्या नूतनसारखी, आणि शेवटी कंसात तीन. आणि जेव्हा 'एक' नसतं तेव्हा त्याहून वाईट असतं. तनुजा म्हणजे 'काजोलची आई'. नूतन म्हणजे 'मोहनीश बहलची आई'. शोभना समर्थ म्हणजे पुन्हा 'नूतनची आई'. एका घराण्यात एवढ्या कर्तबगार बायका आणि कोड्यात सगळ्या एकमेकींच्या नाहीतर कुणाच्या तरी आया. प्राणला कधी कोणाचा बाप म्हणून विचारलेलं बघितलंय? 'गाजलेला खलनायक (२)', संपलं. ललिता पवारांचं तर मला फार वाईट वाटतं. मूकपटांच्या काळापासून काम करणारी बाई, नायिका होती. १९४२ मध्ये शूटिंग चालू असताना थोबाडीत जोरात बसली, त्यात डावा डोळा कायमचा अधू झाला, पुढे नायिकेची कामं गेली, तरी परत उभी राहिली. आणि प्रश्न काय, तर 'खाष्ट सासू (३)'. हे मी डोळ्यांत थेंब घालून बसलेलो असताना आठवत होतो हे लक्षात घ्या, म्हणजे माझी मनःस्थिती कळेल.

तर शेवटी काकांच्या काकू बाहेर आल्या. उजव्या डोळ्यावर पट्टी. मी किलकिल्या डोळ्यांनी बघितलं, सगळं चकाकत होतं.

"काय चाललंय?" काकू.

"ह्यांना कोडं सोडवून देतोय," काका.

सोडवून. देतोय.

"एक अभिनेत्री, रे वरून, तीन अक्षरी. रेखाजी घातलंय मी, पण ह्यांना पटत नाहीये."

काकू बसल्यासुद्धा नाहीत. "रेणुका असेल. रेणुका शहाणे."

आणि इथे, मंडळी, मी तोंड उघडलं. उघडायला नको होतं. पण बाकी सगळ्यांनी काय वाट्टेल ते बोलावं आणि मी गप्प बसावं असं कुठे लिहिलंय? मी म्हटलं, "नाही हो काकू, उकार जुळत नाही. रेणुकाचा णु पहिला. अणूचा णू दुसरा. शेवटचा उकार दीर्घ लिहायचा, १९६२ पासून नियम आहे."

काकूंनी चांगल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं असावं.

"असं होय," त्या म्हणाल्या. लहान मुलाने अंगठ्याएवढी पोळी लाटून दाखवली की म्हणतात तसं. मग काकांना म्हणाल्या, "चला, रिक्षा बघा." काका जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेले. "प्रयत्न करत राहायचा," म्हणाले.

रविवारी उत्तर छापून आलं. रेणुका. शरीर म्हणजे काया. आणि अणु, पहिला उकार! पहिला! अणुशक्ती मधला अणु पहिला असतो, तो समासात आहे म्हणून, पण नुसता सुटा उभा अणू कसा पहिला होईल? कोडंवाल्याने आपली अडचण झाली म्हणून नियम वाकवला आणि मी पट्टी बांधलेल्या बाईसमोर व्याकरण शिकवून बसलो. ही तीच रेणुका, जिला 'सुरभी' कार्यक्रमात सिद्धार्थ काकच्या शेजारी बसून हसताना मी दूरदर्शनवर दर आठवड्याला बघितलेलं आहे, न चुकता. आख्ख्या कोड्यातली ती एकच नटी असेल जी मला चेहऱ्याने ओळखता येते. आणि एका उकारापायी मला ती सुचली नाही.

पेपरला पत्र पाठवलंय. सविस्तर, नियमासकट. उत्तर यायचं आहे, येणार नाही हे मलाही माहितीये. डोळ्यांचा नंबर वाढलाय तो वेगळा.

काकांचं अक्षर मात्र सुंदर आहे, हे मान्य करावं लागेल. संध्याकाळी दिसायला लागल्यावर बघितलं. माझ्या पुसट पेन्सिलीवर निळ्या शाईत, दाबून, अख्ख्याचा ख्खा कायम ठेवून, तीन घरांत ठसठशीत: रेख्खाजी. बायकोने तो कागद स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याखाली घातलाय. डबा उचलला की रेख्खाजी दिसतात.