गुगल आमच्याकडे येतच नाही

मी घड्याळं दुरुस्त करतो. मनगटावरची, भिंतीवरची, आजोबांनी जपलेली आणि नातवाने खोललेली. गिऱ्हाईक हल्ली आधी फोनमध्ये शोधतं आणि मग चालायला लागतं, म्हणून मीही वेबसाइट काढली. म्हणजे भाच्याने काढून दिली. मी फक्त ‘निळा जरा कमी कर’ असं तीनदा म्हणालो.

साइट सुरू झाली त्या रात्री मी गुगलवर ‘घड्याळ दुरुस्ती’ शोधलं. पहिल्या पानावर मी नव्हतो. दुसऱ्यावर नव्हतो. सातव्या पानावर एक जण घड्याळाच्या आकाराच्या उश्या विकत होता, तोही माझ्या पुढे. शेवटी साइटचं पूर्ण नाव टाकून पाहिलं. गुगलने ‘तुम्हाला असं म्हणायचंय का?’ असं विचारून तिसऱ्याच कोणाचं नाव सुचवलं.

“मामा, नवीन साइटला वेळ लागतो,” भाचा म्हणाला. “इंडेक्स व्हावी लागते, म्हणजे गुगलच्या यादीत चढावी लागते.”

वाट बघायची मला सवय आहे. दोन महिने बघितली.

मग मला स्वस्तातले एसईओवाले, म्हणजे गुगलच्या शोधात साइट वर चढवून देणारे, सापडले. खरं तर मीच त्यांना सापडलो. ‘आम्ही आपली साइट पाहिली, तीत बत्तीस गंभीर दोष आहेत, पहिल्या क्रमांकाची हमी’ असा ई-मेल आला. दुसऱ्यांना गुगलवर वर चढवणारा माणूस मला गुगलवर न भेटता ई-मेलने का भेटतोय, हा प्रश्न खरं म्हणजे तेव्हाच पडायला हवा होता. पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाच देता येत नाही आणि कामाचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्षभर लागतं, हे गुगलने स्वतःच लिहून ठेवलंय. पण आधी खोलायचं आणि माहितीपत्रक मागाहून वाचायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड.

“सर, तुमचा कीवर्ड काय?” फोनवरच्या मुलाने विचारलं.

“म्हणजे?”

“लोकांनी काय टाइप केल्यावर तुम्ही दिसायला हवं?”

“घड्याळ.”

पलीकडे बराच वेळ शांतता. “सर, घड्याळावर फार गर्दी आहे.”

मी सगळ्यात स्वस्तातलं पॅकेज घेतलं. आठवड्याभरात माझ्या मुख्य पानावर हा मजकूर अवतरला : ‘घड्याळ दुरुस्ती हवी असल्यास आमचे घड्याळ दुरुस्ती तज्ज्ञ आपली घड्याळ दुरुस्ती घड्याळ दुरुस्तीच्या भावनेने करतील.’ बायकोने तो मोठ्याने वाचला, चष्मा काढला आणि “तुम्हाला बरं वाटतंय ना?” असं विचारलं.

पानाच्या तळाशी बरीच मोकळी जागा दिसत होती. सहज माउस ओढला तर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले शंभरेक शब्द भुतासारखे उमटले : घड्याळ, गड्याळ, घड्याल, घडयाळ. माणसाला दिसू नये आणि यंत्राला दिसावं अशी ही योजना. गुगल हिला सरळ स्पॅम म्हणतं. शिवाय पानाच्या पोटात मेटा कीवर्डची, म्हणजे फक्त सर्च इंजिनांसाठी लपवून लिहिलेल्या शब्दांची, एक भलीमोठी माळ ओवली होती. क्रमवारीसाठी आपण ती बघतच नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. म्हणजे जिथे कोणी बघत नाही तिथे माझी सगळ्यात जास्त जाहिरात चालू होती.

पण खरा कळस बॅकलिंकांचा, म्हणजे दुसऱ्यांच्या पानांवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंकांचा. १९९८ मध्ये गुगल सुरू झालं तेव्हा त्याची मूळ युक्ती अशी की, दुसरी पानं ज्या पानाकडे बोट दाखवतात ते पान वजनदार मानायचं. पेजरँक म्हणतात ते हेच. त्यातलं ‘पेज’ हे लॅरी पेज यांचं आडनाव, हे मला त्या काळात कळलेलं एकमेव सुखद ज्ञान. आता बोटाला वजन म्हटल्यावर बोटं विकायला येणारच. २०१२ मध्ये गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणून असल्या विकतच्या बोटांवर छडी मारली, पण ती बातमी स्वस्त पॅकेजपर्यंत पोचली नव्हती. मला पाचशे लिंका मिळाल्या. त्यातली एक पाळीव सरड्यांच्या निगेवरच्या लेखात होती. ‘सरड्याला रोज थोडं ऊन द्यावं व वेळच्या वेळी घड्याळ दुरुस्ती करून घ्यावी,’ असा सल्ला होता. सरड्याला वेळेचं काय पडलंय, कोण जाणे.

दर महिन्याला अहवाल यायचा. हिरवे बाण, चढते आलेख. गिऱ्हाईक सोडून सगळं वर चाललं होतं.

पाचव्या महिन्यात भाचा आला. त्याने साइट गुगलच्या सर्च कन्सोलला जोडली. हे साधन फुकट आहे. साइटबद्दल गुगलला काय दिसतं आणि काय दिसत नाही, ते तिथे कळतं. एवढ्या महिन्यांत मला ते कोणी सांगितलं नव्हतं, कारण फुकटच्या गोष्टीचं पॅकेज करता येत नाही. भाच्याने मुख्य पानाचा पत्ता टाकला आणि तो एकदम गप्प झाला. पाठमोऱ्या माणसाचे कान लाल होताना मी पहिल्यांदाच पाहिले.

“मामा, नोइंडेक्स लागलंय.”

साइट ज्यावर बांधली त्या वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये एक बारीकशी चौकट असते. तिच्यावर खूण केली की साइट सर्च इंजिनांना ‘मला यादीत घेऊ नका’ असं नम्रपणे सांगते. साइट अर्धवट असताना कोणी बघू नये म्हणून भाच्याने खूण केली होती, आणि ती काढायची राहून गेली. म्हणजे पाच महिने मी पाचशे जणांकडून ‘या, या’ ओरडून घेत होतो आणि दारावर आमचीच पाटी होती : येऊ नये.

भाच्याला काही बोललो नाही. बहिणीचा मुलगा, त्यात काम फुकट केलेलं.

खूण काढली. पांढरी भुतं हाकलली. कॅमेऱ्यातून जशाच्या तशा चढवलेल्या अवाढव्य फोटोंमुळे फोनवर पान उघडेपर्यंत माणसाचं घड्याळ आपोआप सुरू झालं असतं, म्हणून ते बारीक केले. नकाशावर दिसण्यासाठी गुगल बिझनेस प्रोफाइल भरलं, तेही फुकट. काही दिवसांनी साइट दिसायला लागली. पहिल्या आठवड्यात चौदा वेळा दिसली. त्यातला अकरा वेळा शोधणारा मीच असणार.

सगळ्यात दुःख झालं ते मथळ्याचं. ‘काळाच्या स्पंदनांचे शुश्रूषागृह’ ही ओळ मी दोन रात्री जागून लिहिली होती. सर्च कन्सोलमध्ये लोक काय शोधत येतात तेही दिसतं. स्पंदनं कोणीच शोधत नव्हतं. एकाने टाइप केलं होतं, ‘लंबकाचं घड्याळ काढून परत लावलं आता चालत नाही’. गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं राहून नेमकं हेच म्हणतं, याच शब्दांत.

म्हणून मथळा काढून मी तेवढ्या एका तक्रारीवर पान लिहिलं. शीर्षकही तेच ठेवलं. घड्याळ जागेवरून हललं की तिरकं बसतं, टिक आणि टॉक यांतलं अंतर असमान होतं, म्हणजे लंगडा माणूस चालतो तसं टिक-टॉक, जरा थांबून परत टिक-टॉक, आणि दोन-चार मिनिटांत ते थांबतं. घड्याळाचं खालचं टोक केसभर डावीकडे सरकवून ऐका, नाही जमलं तर उजवीकडे. ठोके सारखे पडले की सोडून द्या. घड्याळात बिघाड काही नाही.

तीन आठवड्यांनी अनोळखी नंबरावरून फोन आला.

“ते टिक-टॉकवाले तुम्हीच का?”

“मीच,” मी म्हणालो आणि वही ओढली.

“गुगलवर पहिलंच पान तुमचं आलं. वाचून तसंच केलं, उजवीकडे सरकवलं. चालू झालं हो! दुरुस्तीला टाकणार होतो, वाचलो. म्हटलं, आभार मानावेत.”

फोन ठेवला.

“गिऱ्हाईक?” बायकोने आतून विचारलं.

“नाही,” मी वही मिटत म्हणालो, “वाचक.”