वरच्या पट्टीतले मानकरी

वेबसाइट बनवणं सोपं, तिचं हेडर पास करून घेणं महाकठीण. नागपुरात माझा हाच धंदा आहे, म्हणून सांगतो. बाकीच्या पानांकडे मालक लोक ढुंकूनही पाहत नाहीत. पण सगळ्यात वरची ती बोटभर पट्टी दाखवायला घेतली, की अख्खं खानदान चष्मे लावून गोळा होतं.

इतवारीतल्या साड्यांच्या एका दुकानाचं काम आलं. मालक लांबच्या नात्यातले, म्हणजे काकाजीच. त्यांच्या हिशोबाने हेडर ही लग्नपत्रिका होती. मधोमध गणपती, डावीकडे दुकान काढणारे बाबूजी, उजवीकडे कुलदेवी, खाली तिघा भावांची नावं वयाच्या क्रमाने. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' तेवढं राहिलं होतं. आणि एक नाव कापलं की तीन घरं रुसणार!

मी समजावायला गेलो. "काकाजी, गिऱ्हाइकाला वर पाहताक्षणी कळलं पाहिजे, दुकान कोणाचं, मिळतं काय आणि फोन कुठे लावायचा. वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी याचे जाणकार याकोब निल्सन यांनी २००६ साली लोकांची नजर पानावर कशी फिरते ते तपासलं. ती आधी वरच्या भागातून आडवी जाते, मग डाव्या कडेने खाली घसरते."

"मंग बरोबरच हाये ना," काकाजी म्हणाले. "पह्यले बाबूजींवरच जाईन!"

संशोधन त्यांच्याच बाजूने निघालं.

रंगाचं विचारूच नका. नागपूर म्हणून पट्टी संत्र्याची आणि तिच्यावर अक्षरं हळदी. साधा मजकूर वाचता यावा म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, हवा, असं वेबचं प्रमाण आहे. इथे दोनही भरेना.

मोबाइलवर तर कहरच. अर्ध्या स्क्रीनवर बाबूजी आणि त्यांच्याखाली पैठणीचा निव्वळ काठ. त्यात हेडर वरती चिकटून राहणारं, म्हणजे पान कितीही सरकवा, साडी पसंत होईपर्यंत बाबूजी जागचे उठत नाहीत. उंची दाबून पाहिली, तर देवनागरीवर संक्रांत. ओळ इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखली की शिरोरेघेवरच्या वेलांट्या आणि रफार सपासप छाटले जातात. 'सर्व प्रकारच्या साड्या'चं झालं 'सव प्रकारच्या साड्या'. मधले काकाजी बराच वेळ निरखून म्हणाले, "सव हा नवीन माल आला का बे सुरतहून?"

मेनू तीन रेघांमागे लपवला, तर तोही वांधा. "ह्या रेघा काऊन मारल्या?" मी सांगितलं की हे चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी १९८१ साली झेरॉक्सच्या स्टार कॉम्प्युटरसाठी काढलं होतं. "म्हंजे चाळीस वर्सं उलटून गेली अन् अजून सांगा लागते? 'साड्या' लिही ना सरळ." यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं तर अजूनही सुचलेलं नाही. 'साड्या' लिहिलं.

शेवटी निकाल लावला काकूंनी. त्यांनी फोन हातात घेतला आणि हेडरमधल्या नंबरवर बोट दाबलं. काही होईना, कारण नंबर बाबूजींच्या फोटोतच छापलेला. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं आणि काकाजींकडे पाहिलं. "बोट लावून फोन लागत नसन, तं बाई दुसऱ्या दुकानात जाईन. मी तं जाईन." खोलीत कोणी चूं केलं नाही.

हेडर ठरलं. डावीकडे लोगो, त्यावर दाबलं की पहिलं पान. मग 'साड्या', शोधायची खिडकी आणि दाबताच लागणारा नंबर. बाबूजींना 'आमच्याविषयी'मध्ये अख्खं पान दिलं, हारासकट. देवही तिकडेच.

मग आला तान्हा पोळा. काकाजींचा व्हॉट्सॲप : "लाकडी नंदी वर लावून दे, दोन दिवसापुरता." लावला. दिवाळी तोंडावर आली तरी नंदी हेडरमध्येच. काढू का, म्हणून फोन केला.

"राहू दे ना आता," काकाजी म्हणाले. "त्याच्यासमोर फराळाचं ताट ठेवून देजो."