आज कॅसेट कुणाकडे?

कॅराव्हॅन घेतली की माणूस मोकळा होतो, असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला एकच विचारावं: तुमच्यात कॅसेट कोण रिकामी करतं? प्रश्न ऐकून तो समुद्राकडे बघायला लागला, तर खुशाल समजावं की बायको करते.

ज्यांना या वस्तूचं दर्शन अजून घडलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅराव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, संडासाखाली वीसेक लिटरचा एक चपटा प्लॅस्टिकचा डबा असतो, तीच कॅसेट. तो बाहेरच्या बाजूच्या लहानशा दारातून ओढून काढायचा. त्याला चाकं असतात, ओढायला दांडा असतो. सकाळी सकाळी कुणी तो घेऊन निघाला की लांबून वाटतं, गृहस्थ विमानतळावर चाललेत. डबा भरत आला की आत एक लाल दिवा लागतो. आमच्या घरात, म्हणजे सात मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद अशा त्या पत्र्याच्या खोलीत, लाल दिवा लागला की सगळ्यांना एकदम कामं आठवतात. थोरला वही उघडतो. धाकटीला झोप येते. नवरा टायरमधली हवा बघायला बाहेर पडतो. आणि माणसं पाच, त्यामुळे दिवा लागायला फार वेळ लागत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी नवऱ्याची निष्ठा आहे. म्हणजे कंपनीवरची. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात एकाच मालकाकडे दहा वर्षं काढली की साडेआठ आठवड्यांहून थोडी जास्त भरपगारी रजा मिळते. तीच अर्ध्या पगारावर घेतली तर दुप्पट होते हा शोध त्याला एका रात्री लागला, आणि पर्थहून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर एक्समथपर्यंत जायचं ठरलं. मुलं दूरशिक्षणाच्या शाळेत घातली. सासूबाई नेमक्या तेव्हाच इथे आलेल्या. त्यांना मागे एकटं ठेवणं बरं दिसेना. "माझं काय, कुठंही एक कोपरा दिला की झालं," त्या म्हणाल्या. कॅराव्हॅनमध्ये कोपरे चारच असतात आणि चारही कपाटांनी भरलेले असतात, ही बातमी त्यांना वाटेत कळली.

पर्थ ते एक्समथ साडेबाराशे किलोमीटर. जेराल्डटन मागे पडलं की कार्नार्व्हनपर्यंत मुख्यत्वे झुडपं, रोडहाउस आणि रानटी शेळ्या. कॅराव्हॅन मागे असल्यानं आम्ही 100 च्या पुढे जात नव्हतो, त्यामुळे जगातलं प्रत्येक वाहन आपल्याला ओलांडून जातं. त्यात रोड ट्रेन. हा मागे अनेक डबे जोडलेला ट्रक साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असू शकतो. तो शेजारून जाताना आपलं घर आधी बाजूला ढकललं जातं आणि मग हळूच त्याच्याकडे ओढलं जातं. या दोन क्रियांच्या मध्ये सासूबाईंचं एक रामरक्षेचं कडवं बसतं. नवरा गाडीतल्या दुतर्फा बोलायच्या रेडिओच्या चॅनेल 40 वर ट्रकवाल्याशी बोलायचा. हा माणूस घरी फोनवर 'हॅलो'च्या पुढे जात नाही, पण तिथे मात्र 'मेट'शिवाय वाक्य नाही.

रिव्हर्सबद्दल मी लिहिणार नाही. गाडी रिव्हर्समध्ये असताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की कॅराव्हॅन डावीकडे जाते, आणि आम्ही दोघं लग्न टिकवून आहोत, एवढंच नोंदवते.

शार्क बेला हॅमेलिन पूलचे स्ट्रोमॅटोलाइट दाखवायला सगळ्यांना नेलं. नेहमीच्या समुद्राच्या दुप्पट खारट पाण्यात काळपट दगडांसारखे गोळे बसलेले. पण दगड नव्हेत, सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवत बांधलेलं घर ते. वर्षाला जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. यांच्या पूर्वजांचे साडेतीन अब्ज वर्षं जुने अवशेष याच राज्यात वर पिलबारात सापडलेत. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरला तो अशाच जीवांनी. मी हे सगळं भक्तिभावानं सांगितलं. सासूबाईंनी पाच मिनिटं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बघ. एका जागी बसून केवढं काम केलं." आणि मग नवऱ्याकडे, आपल्याच मुलाकडे, वळून, "आणि तू डिझेल जाळत हिंड."

खरा कस लागला तो केप रेंज नॅशनल पार्कात. निंगालू रीफ, म्हणजे प्रवाळांची भिंत, तिथे किनाऱ्याला इतकी खेटून आहे की कंबरभर पाण्यात डोकं खाली घातलं की प्रवाळ आणि पोपटी मासे. इथे तळ ठोकायची जागा मिळवायला 180 दिवस आधीपासून बुकिंग करता येतं, आणि नवऱ्यानं ते मुलांच्या शाळाप्रवेशापेक्षा जास्त गांभीर्यानं केलं होतं. पार्कात वीज नाही, पिण्याचं पाणी नाही. पाणी एक्समथहून भरून आणायचं, नाहीतर तहानेनं निसर्गसौंदर्य पाहायचं. आमच्या टाक्या दोन, मिळून 190 लिटर. पहिल्या संध्याकाळी धाकटी शॉवरखाली उभी राहून गाणं म्हणत होती, तेव्हा सासूबाई शांतपणे उठल्या आणि पंपाचं बटण बंद केलं.

त्या क्षणापासून राज्य त्यांचं. लहानपणी चाळीत दिवसाला एक तास नळ यायचा, त्या तासावर दहा माणसं जगायची, हा त्यांचा अभ्यासक्रम. भांडी आधी समुद्राच्या पाण्यानं घासायची, मग गोड्या पाण्याचा एक हात. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला. आंघोळ बादलीत आणि बादली अर्धीच. टॅपखाली दात घासणाऱ्याकडे त्या अशा बघत की थोरल्यानं दात घासणंच कमी केलं. शेजारच्या कॅराव्हॅनमधले निवृत्त गृहस्थ, ज्यांना इथे ग्रे नोमॅड म्हणतात त्या पंथातले, चार दिवसांतून एकदा टँकर ओढावा तसे पाणी आणायला जात. त्यांच्या बायकोनं कौतुकानं विचारलं की तुमच्या टाकीत इतकं उरतं कसं. सासूबाईंनी खुणांनी आणि तांब्यानं प्रात्यक्षिक दिलं. दुसऱ्या दिवशी त्या बाई बादली घेऊन हजर.

पार्कात निदान सार्वजनिक संडास आहेत, त्यामुळे लाल दिवा कमी लागे. खाली मेंढ्यांच्या 'स्टेशनां'च्या, म्हणजे अवाढव्य मेंढीपालन केंद्रांच्या, किनाऱ्यावर तंबू ठोकायचा असेल तर मात्र स्वतःचा केमिकल टॉयलेट असणं सक्तीचं. त्याशिवाय थांबू देत नाहीत, आणि बरंच करतात. त्यामुळे भरलेली कॅसेट डम्प पॉइंटपर्यंत, म्हणजे ती रिकामी करायच्या ठरलेल्या जागेपर्यंत, नेणं ओघानं आलं. रस्ता लाल मातीचा, त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा. टायरमधली हवा कमी केली तरी दात वाजतात. कॅसेट जीपच्या डिकीत, दोरीनं बांधलेली, भोवती जुने टॉवेल. चारही काचा खाली. लाल धूळ आत येत होती, पण त्या धुळीला कुणीही नाव ठेवलं नाही.

डम्प पॉइंटला पोचल्यावर काय करायचं असतं, ते जवळून सांगते, कारण कुणीच सांगत नाही. उन्हात तापलेल्या डब्याचं झाकण सावकाश फिरवायचं. आतून 'फुस्स' असा आवाज येतो तेव्हा चेहरा बाजूला ठेवायचा. मग नळी खाली करून डबा तिरपा करायचा आणि अंगठ्यानं मागचं हवेचं बटण दाबून धरायचं. ते बटण दाबलं तर सगळं शांतपणे वाहून जातं. नाही दाबलं तर डबा गटांगळ्या खातो, आणि त्या गटांगळ्यांचा निकाल तुमच्या चपलांवर लागतो. मग दोनदा विसळायचं, निळं औषध टाकायचं. रांगेतले ग्रे नोमॅड या औषधावर तासभर बोलू शकतात. एक पक्ष निळ्या औषधाचा, दुसरा बाळाचे लंगोट भिजवायच्या पावडरचा. दोन्हीकडे सत्तरीच्या आसपासचे, गुडघ्यापर्यंत मोजे घातलेले, अत्यंत तत्त्वनिष्ठ पुरुष. एवढी तळमळ मी संसदेतही पाहिलेली नाही.

परत एक्समथला आल्यावर व्हेल शार्क बघायला बोट ठरवली. मार्च ते जुलै त्यांचा हंगाम. एका वेळी पाण्यात दहाच माणसं, माशापासून तीन मीटर अंतर, शेपटीपासून चार. तोंड मीटरभराहून रुंद, आणि खातो काय, तर प्लँक्टन. सासूबाई बोटीवर बसून राहिल्या, पण नियम ऐकून हेलावल्या. "तीन मीटर!" त्या म्हणाल्या. "आपल्या घरात मला तीन फूट मिळत नाहीत."

बोटीवरून उतरलो आणि कॅराव्हॅनमध्ये शिरतो तोच लाल दिवा. नवरा टायरकडे वळला. धाकटीनं डोळे मिटले. या वेळी थोरला मात्र हटला नाही. त्यानं अट घातली: घरी पोचेपर्यंत कॅसेट मी करतो, त्या बदल्यात गणित बंद. मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं सासूबाईंकडे, आणि सासूबाई म्हणाल्या, "पूर्णांक येतात ना त्याला? पुष्कळ झालं." करार जागच्या जागी झाला. गणिताच्या बाईंना ई-मेलमध्ये कारण काय लिहायचं, ते काम मी नवऱ्याकडे दिलंय.